आवाज गेलेल्या नायिकेने गायचं कधी? 'द लिटल मर्मेड लाइव्ह!'चा प्रकरण अभ्यास

थेट प्रक्षेपणाचं काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी दरवर्षी एक प्रकरण सोडवायला देतो. सगळ्या जगाला तोंडपाठ असलेला एक ॲनिमेशनपट आहे. त्यातली गाणी आज रात्री आठ वाजता, समोर प्रेक्षक बसवून, प्रत्यक्ष गाऊन दूरचित्रवाणीवर दाखवायची आहेत. गोष्ट बरीचशी पाण्याखाली घडते. नायिकेला पाय नाहीत. आणि गोष्टीच्या मध्यावर तिचा आवाज जातो. कसं कराल?

हे प्रकरण खरं आहे. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने ५ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री 'द लिटल मर्मेड लाइव्ह!' हा दोन तासांचा कार्यक्रम दाखवला. ज्या कलाकारांना लाखो लोकांनी पाहिलं त्यांची नावं पुढे येतील. पडद्यामागची माणसं मात्र इथे त्यांच्या कामानेच ओळखली आहेत. त्यांच्या जागी आपण असतो तर कुठे थांबून विचार केला असता, एवढंच शोधायचं आहे.

## पार्श्वभूमी

मूळ चित्रपट नोव्हेंबर १९८९ चा, ८३ मिनिटांचा. हान्स क्रिश्चन अँडरसनची १८३७ ची कथा त्याला आधार आहे. संगीत ॲलन मेन्कन यांचं, गीतं हॉवर्ड ॲशमन यांची. या चित्रपटाला संगीताची दोन ऑस्कर मिळाली, एक पार्श्वसंगीतासाठी आणि एक 'अंडर द सी' या गाण्यासाठी.

मेन्कन आणि ॲशमन ही जोडी नाटकातून आली होती, आणि हे प्रकरण समजायला ती गोष्ट फार महत्त्वाची आहे. नाटकवाल्याच्या हिशोबात गाणं ही विश्रांती नसते. गाणं सुरू होताना पात्र जिथे उभं असतं, तिथे ते गाणं संपताना नसावं लागतं. जलपरी नायिका एरियल 'पार्ट ऑफ युवर वर्ल्ड' गाते तेव्हा तिने जमवलेल्या काटेचमच्यांची नुसती यादी आपण ऐकत नाही, तिला समुद्र सोडायचा आहे हे आपल्याला तिथे कळतं. हेच गाणं एका चाचणी खेळात, चित्रं अजून अर्धवट असताना, मुलं चुळबुळ करू लागली म्हणून स्टुडिओचे प्रमुख कापायला निघाले होते. ॲशमन आणि ॲनिमेटर हट्टाला पेटले म्हणून ते वाचलं. ते गेलं असतं तर पुढचा सगळा सौदा, आवाज देऊन पाय घेण्याचा, आपल्याला एका मुलीचा खुळेपणा वाटला असता.

पुढे जानेवारी २००८ मध्ये ब्रॉडवेवर याचं संगीत नाटक आलं. पोहण्याचा भास व्हावा म्हणून नटांच्या पायात चाकांचे बूट घातले होते. ॲशमन १९९१ मध्येच वारले होते, त्यामुळे नव्या गाण्यांचे शब्द ग्लेन स्लेटर यांनी लिहिले. ६८५ प्रयोगांनंतर ऑगस्ट २००९ मध्ये ते बंद झालं. मग जून २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर वेगळाच प्रयोग झाला. पडद्यावर मूळ चित्रपट चालू, खाली वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवतोय, आणि गाणं आलं की पाहुणे कलाकार पुढे येऊन ते गातात. एबीसीच्या कार्यक्रमाचं बीज यात आहे.

दुसरीकडे दूरचित्रवाणीवर थेट संगीत नाटकांची लाट आली होती. एनबीसीने डिसेंबर २०१३ मध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक लाइव्ह!' दाखवलं तेव्हा १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिलं. जानेवारी २०१६ मध्ये फॉक्स वाहिनीच्या 'ग्रीस: लाइव्ह'ला १ कोटी २० लाखांच्या आसपास प्रेक्षक मिळाले. त्यानंतर लाट ओसरत गेली. जानेवारी २०१९ मध्ये त्याच फॉक्सच्या 'रेंट: लाइव्ह'मध्ये आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीतच एका मुख्य नटाचा पाय मोडला. वाहिनीने तालमीचं ध्वनिचित्रमुद्रणच बहुतांश दाखवलं आणि फक्त शेवटचा भाग थेट केला. प्रेक्षक होते ३४ लाखांच्या घरात.

एबीसीने आपला कार्यक्रम आधी मे २०१७ मध्ये जाहीर केला होता, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरसाठी. ऑगस्ट उजाडेपर्यंत तो पुढे ढकलला गेला. खर्चाचं गणित बसत नव्हतं. दोन वर्षांनी, चित्रपटाला ३० वर्षं होत असताना, तो पुन्हा हाती घेण्यात आला. डिस्ने प्लस ही स्ट्रीमिंग सेवा अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०१९ ला सुरू होणार होती, म्हणजे कार्यक्रमानंतर बरोबर आठवड्याने. या तारखा शेजारी ठेवल्या की कार्यक्रमावर किती अपेक्षांचं ओझं होतं ते दिसतं. जुना चित्रपट लोकांच्या मनात ताजा करायचा होता, आणि तो झाकोळूनही चालणार नव्हतं.

## अडचण

पहिली अडचण पाण्याची. ॲनिमेशनमध्ये एरियलचे केस पाण्यात जसे तरंगतात तसे माणसाचे रंगमंचावर तरंगणार नाहीत. नाट्यगृहात विसाव्या रांगेतला प्रेक्षक सूचकतेवर खूश असतो. निळा प्रकाश आणि हलणारं कापड त्याला पुरतं. दूरचित्रवाणीचा क्लोजअप तसं होऊ देत नाही. नटाला हवेत तरंगवणाऱ्या पट्ट्याची, म्हणजे हार्नेसची तार दिसते, चाकांचा बूट दिसतो, घाम दिसतो.

दुसरी अडचण वेळेची. ८३ मिनिटांचा चित्रपट, त्यात वाढीव गाणी, त्यात अमेरिकी वाहिनीच्या जाहिराती, आणि हे सगळं दोन तासांत. शिवाय चित्रपट थांबत नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाने जरा मनात घोळवून पाहावी. संगीत नाटकात प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला की सौभद्रातला अर्जुन, सुभद्रा, कथानक, सगळं जागच्या जागी थांबतं आणि पद पुन्हा होतं. प्रेक्षक नाटकाच्या काळाला हात घालू शकतो. चित्रपटाच्या काळाला कोणी हात घालू शकत नाही. टाळ्या चालू असतानाच पुढचं दृश्य सुरू होतं. गायिका अजून हार्नेसमध्ये अडकायची असते आणि पडद्यावर तिच्या गाण्याआधीचं शेवटचं वाक्य येऊन ठेपतं.

तिसरी अडचण नायिकेच्या आवाजाची, आणि माझ्या मते हे सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे. जो कार्यक्रम फक्त गाणी थेट करतो, त्यात जिवंत माणूस आपल्याला भेटतो तो गाण्यातच. गोष्टीच्या मध्यावर समुद्रातली चेटकीण अर्सुला, पाय देण्याच्या बदल्यात, एरियलचा आवाज काढून घेते. १९८९ च्या चित्रपटात त्यानंतर जवळजवळ शेवटपर्यंत ती गात नाही, बोलतही नाही. डोळ्यांनी, खांद्यांनी, हातातल्या काट्याने केस विंचरत ती स्वतःला सांगत राहते, आणि ॲनिमेटरांनी ते अप्रतिम केलं आहे. पण थेट कार्यक्रमात याचा अर्थ काय होतो? ज्या नायिकेसाठी लोक बसले आहेत, तीच कार्यक्रमाच्या दुसऱ्या अर्ध्यात रंगमंचावरून नाहीशी होते. कथेतली शोकांतिका आराखड्यातलं भगदाड बनते.

## समोर असलेले पर्याय

पर्यायांची ही मांडणी माझी आहे.

ब्रॉडवेचं नाटक पूर्णपणे थेट करायचं, एनबीसीच्या वाटेने. फायदा असा की एकच जग, एकच नटसंच, सलग अभिनय. आपल्याकडेही हे झालेलं आहे. मुंबईत २०१५ साली वरळीच्या डोममध्ये 'ब्यूटी अँड द बीस्ट' आणि २०१८ साली एनसीपीएत 'अलादीन' इथल्या कलाकारांनी संपूर्ण रंगमंचीय रूपात केलं, आणि पडद्यावरच्या चित्रपटाची गरज पडली नाही. पण जादूच्या राजवाड्याला किंवा अरबी बाजाराला भिंती असतात, जमीन असते. समुद्राला नसते. ब्रॉडवेवर चाकांच्या बुटांवर जी टीका झाली ती क्लोजअपमध्ये दुप्पट झाली असती. आणि खर्च हा तर २०१७ मध्येच आडवा आला होता.

हॉलिवूड बोलसारखी मैफल उचलून तशीच दाखवायची. खर्च कमी, धोका कमी. पण तिथे गायक माइकसमोर उभे राहतात. हजारो लोकांच्या गर्दीत, उघड्या आकाशाखाली त्याची मजा असते. दिवाणखान्यातल्या माणसाला ती मैफलीची चित्रफीत वाटली असती.

तिसरा पर्याय निवडला गेला. चित्रपट कणा म्हणून ठेवायचा, संवादांची दृश्यं त्यातलीच चालवायची, आणि प्रत्येक गाण्याला रंगमंचावर पूर्ण नेपथ्य, नृत्य, बाहुल्या आणि वेशभूषेसह थेट सादर करायचं.

मराठी वाचकाला हा आराखडा अनोळखी नाही. नाट्यपदांच्या मैफलीत आपण हेच करतो. निवेदक कथानक सांगतो, 'आणि मग सुभद्रा म्हणते…' असं म्हणून बाजूला होतो, आणि पद सुरू होतं. इथे निवेदक म्हणजे खुद्द चित्रपट. पण चांगला निवेदक आपला आवाज मुद्दाम खाली ठेवतो, म्हणजे गायिका वर येते. इथला निवेदक दोन ऑस्कर मिळवलेला, तीस वर्षं लोकांच्या मनात घर करून बसलेला. तो खाली बसेल कसा? गायिकेपेक्षा निवेदकच आवडता असेल तर मैफलीचं काय होतं, हा प्रश्न या पर्यायात पहिल्या दिवसापासून होता.

## काय केलं

नटसंच. एरियलसाठी औलीई क्रव्हाल्यो. हवाईची, तेव्हा १८ वर्षांची, 'मोआना'चा आवाज म्हणून २०१६ पासून घराघरांत माहीत. हा निर्णय मला फार नेमका वाटतो. जो आवाज लोकांनी आधी ॲनिमेशनमध्ये ऐकला आहे, तोच आता देहासह समोर येतो. दोन जगांमधला पूल तिने गाण्याआधीच निम्मा बांधलेला असतो. अर्सुलासाठी क्वीन लतीफा. तिने २०१५ मध्ये 'द विझ लाइव्ह!' केलेलं होतं, म्हणजे थेट संगीत नाटकाचं वारं तिच्या अंगावरून गेलेलं होतं. सबॅस्टियन खेकडा म्हणून जमैकाचा शॅगी, शेफ लुई म्हणून जॉन स्टेमॉस, प्रिन्स एरिक म्हणून ग्रॅहम फिलिप्स.

गाण्यांची भर. चित्रपटातला एरिक एकही गाणं गात नाही. मग थेट भागात राजपुत्र येणारच नाही. त्यासाठी ब्रॉडवेचं 'हर व्हॉइस' आणलं. बुडता बुडता ऐकलेल्या आवाजाला तो शोधत राहतो, तो हा क्षण. मूक झालेल्या एरियलसाठी 'इफ ओन्ली' आणलं. हे गाणं ती मनातल्या मनात गाते. बोलता आलं असतं तर काय सांगितलं असतं, ते. वर मांडलेल्या तिसऱ्या अडचणीवर कार्यक्रमाने दिलेलं उत्तर हेच, आणि ते नाटकवाल्यांनी अकरा वर्षं आधी शोधून ठेवलेलं होतं. रंगमंचावर मनातलं ऐकू येणं ही आपल्या स्वगतासारखीच रूढी आहे, प्रेक्षक ती लगेच स्वीकारतो.

तरी माझं समाधान होत नाही. मूक असणं हीच तिने मोजलेली किंमत आहे. ती मूक झाल्यावरही आपल्याला तिचं गाणं ऐकायला मिळालं, तर ती किंमत आपल्याला लागत नाही, फक्त एरिकला लागते. नाटकात मधली मूक दृश्यंही तीच नटी करते, त्यामुळे तोल राहतो. इथे मूक दृश्यं चित्रातल्या एरियलकडे गेली आणि गाणं जिवंत एरियलकडे. एकाच पात्राचं दुःख आणि त्याला फुटलेली वाचा दोन वेगळ्या देहांत वाटली गेली.

सांधे. चित्रपटातून रंगमंचावर आणि परत, असा प्रवास दहाएक वेळा. यातलं काम बाहेरून दिसत नाही म्हणून थोडं थांबतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, अमेरिकी प्रक्षेपणाची चौकटींची गती वेगळी, म्हणजे आधी दोन्हींचं घड्याळ एक करावं लागतं. टाइमकोड, म्हणजे प्रत्येक चौकटीची नोंदलेली वेळ, धरून पडदा, दिवे आणि संगीत बांधून घ्यावं लागतं. अशा कामात गायकांच्या कानात क्लिक, म्हणजे लय मोजून देणारी टिकटिक असते. पीसीआरमध्ये, म्हणजे नियंत्रण कक्षात, कॅमेऱ्यांचे शॉट पुकारणारी व्यक्ती गाण्याच्या मात्रा मोजत शॉट पुकारते. गाणं संपल्यावर दिग्दर्शकाच्या हातात काहीच नसतं, चित्रपटाची पुढची चौकट ठरलेल्या क्षणी येते.

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी असाच मेळ घातला होता. जुन्या नटांच्या चित्रफिती आणि त्यांच्याच पदांचं प्रत्यक्ष गायन. चित्रफीत संपली, पडदा काळा झाला, आणि गायिकेच्या कानात क्लिक पोचलेलीच नव्हती. ती थांबली, तबलजी थांबले, मी टॉकबॅकवर, म्हणजे कक्षातून रंगमंचाशी बोलायच्या माइकवर, ओरडत राहिलो. चार-पाच सेकंद गेले असतील. शेवटी पेटीवाल्यांनी सूर धरला आणि तिने क्लिकशिवाय सुरुवात केली. त्या दिवसापासून मी प्रत्येक सांध्यावर एक 'गादी' ठेवतो. लांबवता येईल असा नुसता सूर, किंवा समुद्राचा, पावसाचा आवाज. दहा सांधे बिनचूक साधणाऱ्या त्या पीसीआरबद्दल म्हणूनच मला मनापासून आदर आहे.

वेशभूषा. फ्लाउंडर मासा बाहुलीच्या रूपात आला, समुद्री जीवही मोठमोठ्या बाहुल्या होऊन आले. अर्सुला प्रचंड शुंडकांच्या मधोमध उभी राहिली. आणि शॅगी लाल चामड्याच्या पोशाखात, पंजे नसलेला. समाजमाध्यमांवर त्या रात्री सर्वांत जास्त चर्चा झाली ती या पंज्यांची. मी ती थट्टेवारी नेत नाही. आपल्या दशावतारात सोंडेचा मुखवटा आला की गणपती आला, काळा वेश आला की संकासुर आला. एक ठळक खूण पुरते आणि बाकीचं प्रेक्षक स्वतः भरतो. पण ती एक खूण लागतेच. अर्सुलाला शुंडकं होती, एरियलला शेपूट होती, माशाला बाहुलीचा देह होता. खेकड्याला फक्त रंग होता. शेजारची पात्रं खुणेने बोलत असताना एक पात्र खुणेविना राहिलं आणि तेच खटकलं.

## काय झालं

त्या रात्री सुमारे ९० लाख लोकांनी कार्यक्रम पाहिला. १८ ते ४९ वयोगटातलं रेटिंग २.६ आलं. 'ग्रीस: लाइव्ह'नंतर, म्हणजे जवळपास चार वर्षांत, या प्रकारच्या कुठल्याच कार्यक्रमाला त्या वयोगटात इतकं रेटिंग मिळालं नव्हतं. 'रेंट'च्या आकड्याशेजारी ठेवलं की वाहिनीला काय वाटलं असेल ते समजतं.

समीक्षकांचं मत दुभंगलं. क्वीन लतीफाचं 'पुअर अनफॉर्च्युनेट सोल्स' आणि क्रव्हाल्योचं गाणं यांचं कौतुक झालं. तक्रार आराखड्याची होती. नावात 'लाइव्ह!' असताना आपण बराच वेळ जुना चित्रपटच पाहतोय, अशी.

मला दोन्ही बाजू बरोबर वाटतात, आणि त्यांचं मूळ एकाच जागी आहे. 'पुअर अनफॉर्च्युनेट सोल्स' का रंगलं ते पाहा. ते नुसतं गाणं नाही, तो एक अख्खा प्रवेश आहे. अर्सुला मोह घालते, अटी सांगते, बोलता बोलता गाते, गाता गाता करारावर सही करून घेते, आणि शेवटी आवाज हिसकावते. संवाद, सौदा आणि परिणाम तिन्ही गाण्याच्या आतच घडतात. त्यामुळे चित्रपटाकडून काही उसनं न घेता तो प्रवेश रंगमंचावर स्वतःच्या पायावर उभा राहिला. उलट 'अंडर द सी' हे ऑस्करविजेतं गाणं, त्यात रंग आणि नाच भरपूर. पण त्याचा खरा विनोद शेवटी आहे. सबॅस्टियन इतका गुंगतो की जिच्यासाठी गायलं ती एरियल केव्हाच निघून गेलेली असते. तो विनोद आधी-नंतरच्या दृश्यांशी बांधलेला आहे आणि ती दृश्यं दुसऱ्या माध्यमात आहेत.

बाप-लेकीचं भांडण तर पूर्ण पडद्यावरच राहिलं. ट्रायटन राजा चिडून एरियलचा सगळा ठेवा फोडून टाकतो, तो प्रसंग कथेची कळ आहे. त्याच रागातून ती अर्सुलाकडे जाते. पण त्या प्रसंगात गाणं नाही. म्हणून जिवंत एरियलला बाप भेटलाच नाही. ती स्वप्न पाहते, आणि मग एकदम सौदा करते. मधली जखम चित्रातल्या मुलीला होते.

## वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाची पहिली जागा 'कोणतं थेट?' या प्रश्नाची आहे. उत्तर दिलं गेलं: गाणी. हे उत्तर सोपं, विकायला सुटसुटीत, आणि खर्चाच्या चौकटीत बसणारं. पण कसोटी 'इथे गाणं आहे का' ऐवजी 'इथे पात्र बदलतंय का' अशी लावली असती, तर यादी थोडी हलली असती. शेफ लुईचं 'ले प्वासों' हे गमतीचं गाणं चित्रपटातच ठेवता आलं असतं, आणि त्या वेळात ट्रायटन आणि एरियलचा प्रसंग तीन मिनिटं प्रत्यक्ष करता आला असता. मला माहीत आहे की स्टेमॉसचं नाव प्रसिद्धीला हवं होतं आणि लहान मुलांना त्या गाण्याची मजा येते. तरी मी हा बदल केला असता.

दुसरी जागा सांध्यांची. इथे चित्रपट आणि रंगमंच आळीपाळीने आले, एकमेकांना फारसे भेटले नाहीत. मैफलीतला निवेदक गायिकेकडे पाहतो तरी. चित्रातली एरियल आणि जिवंत एरियल एकाच चौकटीत काही क्षण राहिल्या असत्या, एकीचा हात दुसरीच्या हातासारखाच उठला असता, तर दोन देहांची फट हीच कार्यक्रमाची गंमत झाली असती. गाणी ऐकायला आलेल्या प्रेक्षकाला मग दृश्यांतही जिवंत माणूस भेटला असता.

तिसरी जागा नावाची. 'लाइव्ह!' या शब्दाने आकडा मिळवून दिला आणि त्याच शब्दाने तक्रारही ओढवून घेतली. पुढे याच वाहिनीने १५ डिसेंबर २०२२ ला 'ब्यूटी अँड द बीस्ट: अ थर्टिएथ सेलिब्रेशन' केलं. बेल म्हणून गायिका एच.ई.आर., बीस्ट म्हणून जॉश ग्रोबन, मिसेस पॉट्स म्हणून शनाया ट्वेन. आराखडा तसाच मिश्र, पण प्रेक्षकांसमोर आधी चित्रित केलेला, आणि नावातून 'लाइव्ह' गायब. हा बदल प्रामाणिक होता, पण त्यात काहीतरी हरवलंही. काहीही घडू शकतं या जाणिवेने अठरा वर्षांची मुलगी हार्नेसमध्ये श्वास घेऊन पहिला स्वर लावते, तो श्वास संकलनानंतर तसा उरत नाही.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने या प्रकरणाचं जे उत्तर लिहून दिलं ते मी जपून ठेवलं आहे. तिने एकही गाणं वाढवलं नव्हतं, एकही काढलं नव्हतं. फक्त अर्सुलाच्या प्रवेशानंतर नटीला रंगमंचावरून जाऊ दिलं नव्हतं. पडद्यावर एरिकच्या जेवणाच्या टेबलाचं दृश्य चालू राहतं, संवाद चित्रपटातलेच ऐकू येतात, आणि रंगमंचावर एका खुर्चीवर ती बसलेली असते, गळ्याशी हात नेऊन, बोलू पाहत. तिच्या शॉटलिस्टमध्ये त्या जागी एवढंच होतं: कॅमेरा तीन, क्लोजअप, तीस सेकंद, क्लिक बंद.